कंपनीचे दिवे

४ मार्च

नवा ट्रक दारात येऊन आठवडा झाला नाही तोच यांनी बंपरला भोकं पाडली! मी शिवलेले कपडे पोचवायला गेले होते, तेवढ्यात. परत येते तर फ्यूज ट्रकखाली आडवा, नुसते पाय बाहेर, आणि हे शेजारी पाना घेऊन उभे. फ्यूज म्हणजे यांचा मित्र, कोपऱ्यावरचा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. हात लावेल त्या गाडीचा फ्यूज उडतो, म्हणून फ्यूज.

"दोन जादा दिवे बसवतोय," हे म्हणाले. "कंपनीचे दिवे आहेत की काजवे!"

मी वॉरंटीचं पुस्तक आणून तिथेच मोठ्याने वाचलं. वायरिंग कापायचं नाही. जोड द्यायचा नाही. स्वच्छ लिहिलंय! तर म्हणाले, "पुस्तक वाचून ट्रक चालतो होय?" पालथ्या घड्यावर पाणी.

जुन्या ट्रकचं इंजिन बसलं तेव्हाचे दिवस मी विसरलेले नाही. ट्रक बंद, घर बंद, लेकीचं कॉलेज बंद. तेव्हा म्हटलं होतं, आता घ्यायचा तर नवा, आणि वॉरंटी जिवापलीकडे जपायची. हे सगळं यांना माहीत नाही का? सगळ्यात जास्त यांनाच माहीत आहे. तरी हात शिवशिवतात!

७ मार्च

आता आरसे. दोन्हीकडे आणखी एकेक. ट्रक आहे की केस कापायचं दुकान?

१५ मार्च

टाइल्सवाल्या व्यापाऱ्याचा फोन. "वहिनी, माल संध्याकाळी न्यायचा ठरला होता. साहेब म्हणतात सकाळी येतो." विचारलं तर हे म्हणाले, नवा ट्रक आहे, जपून वापरायचा. वा! भोकं पाडताना नाही आठवलं जपायचं? आणि सकाळी तरी कुठे लवकर निघतात. "उजाडू दे जरा." पूर्वी अंधारात उठून निघणारा माणूस. नवा ट्रक आला आणि अंगात राजेपण शिरलं.

लेक सध्या यांच्याबरोबरच ट्रकमधून कॉलेजला जाते. ती कुरकुरत होती, "बाबा मला फोन बघू देत नाहीत. सारखं, समोर बघ, समोर बघ." मी म्हटलं, एवढं एक तरी बरं काम करतात!

२ एप्रिल

उद्या पहिलं सर्व्हिसिंग. आज दुपारभर सगळं उतरवण्याचा कार्यक्रम. दिवे काढले, आरसे काढले, भोकांत काळी लांबी भरली, जोडावर टेप गुंडाळला. लग्नाहून आल्यावर नवरीचे दागिने उतरवावेत तसं. आणि पाने कोण देत होतं हातात? मी! शरम वाटते. पण करू काय, आपलेच दात आपलेच ओठ.

फ्यूज म्हणाला, "वहिनी, ब्रह्मदेवाला कळणार नाही." तेव्हाच ओळखलं, उद्याचं काही खरं नाही.

३ एप्रिल

ब्रह्मदेवाचं राहू दे. सर्व्हिस सेंटरमधल्या पोरीला पाच मिनिटांत कळलं. माझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. वाकली, टेप सोलला, फोटो काढला.

"मॅडम, आरसे लावा, सीट बदला, आमचं काही म्हणणं नाही. पण वायर कापून जोड दिला की त्या वायरिंगची वॉरंटी गेली. इंजिन, गिअरबॉक्सची आहे अजून. आणि दिवेच हवे होते तर आम्हाला सांगायचं ना! कंपनीचे जादा दिवे येतात, न कापता बसतात."

सांगायचं ना! ऐकलंत? मी यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे बघत होते.

येता येता अंधारलं. आणि घराच्या फाटकातून आत घेताना ट्रकची कड खांबाला घासली. आपल्याच फाटकाला! मी दिवसभराची तापलेली, फाडकन बोलले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" हे तसेच आत जाऊन आडवे झाले. जेवलेही नाहीत. मीही विचारलं नाही.

४ एप्रिल

सकाळी एवढंच म्हणाले, "धड दिवे दिले असते तर मी कशाला लावले असते दुसरे?"

मी शिलाई मशीनवर बसले आणि तेच डोक्यात. इतकी वर्षं ट्रक चालवला या माणसाने, कुणाच्या सायकलला धक्का नाही लावला. हौसेला पैसा घालवणारा हा माणूस नव्हेच. चपला दोनदा शिवून घालतो. आणि मी काय बोलले त्याला! खांबाला घासलं ते दिवे मंद म्हणूनच ना? म्हणजे हे खरंच सांगत होते, आणि मी महिनाभर भलत्याशीच भांडत बसले. दोष कंपनीचा, शिव्या नवऱ्याला. वाईट वाटलं. फार.

असू दे. वायरिंग गेलं ते गेलं. पण दिव्यांना तर कुणी हात लावलेला नाही. ते वॉरंटीतच आहेत!

९ एप्रिल

सर्व्हिस सेंटर. त्याच पोरीने दिवे तपासले. "मॅडम, मशीनवर अगदी ठीक आहेत."

"रस्त्यावर तुमचं मशीन चालवतं का ट्रक? माझा नवरा चालवतो! तो म्हणतो काजवे, म्हणजे काजवे."

तिने यांना विचारलं, "काका, नक्की काय त्रास होतो?" मी यांना बोलूच दिलं नाही. हे भिडस्त, दोन शब्दांत गुंडाळून मोकळे होतील. मीच सगळं सांगितलं. मग मॅनेजर. गळ्यात टाय, तोंडात साखर, हातात काही नाही. "बघतो, कळवतो." मी म्हटलं, मीच येते बघायला.

१२ एप्रिल

गेले. "साहेब मीटिंगमध्ये." बाकावर बसून एका ब्लाउजचे हुक लावून टाकले.

१६ एप्रिल

जिंकले! दोन्ही दिवे नवे, वॉरंटीत, फुकट! मॅनेजरने अक्षरशः हात जोडले. "मॅडम, दिव्यांत दोष नाही, पण तुमच्यापुढे आम्ही हरलो." हरलेच पाहिजेत! फ्यूज म्हणाला, वहिनी, आता कंपनी तुम्हीच चालवा.

यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं." नुसतं बरं! माझे हेलपाटे झाले, वहाणेचा अंगठा तुटला, आणि यांचं काय, तर बरं. म्हटलं, उद्यापासून संध्याकाळच्या खेपा घ्या, टाइल्सवाल्याला मी सांगून ठेवलंय. तर उठून बाहेरच गेले. बायकोमुळे काम झालं हे सोसत नाही, दुसरं काय.

१७ एप्रिल

नवे दिवे बसले. कलत्या संध्याकाळी ट्रक मागच्या मोकळ्या जागेत घ्यायला लावला. हे वर बसले, इंजिन सुरू. मी पुढे जाऊन झोतात उभी राहिले. एवढा लख्ख उजेड की डोळ्यांवर हात धरावा लागला.

यांनी खिडकीतून डोकं काढलं. "अगं, गेलीस कुठे? समोर उभी राहा ना!"

मी समोरच उभी होते.