ठोंब्याची सायकल

ता. ३ नोव्हेंबर

चि. सौ. वहिनीस, अ. उ. आ.

रागात लिहिते आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. काल दवाखान्यासमोर एका सायकलवाल्याने मला मागून धक्का दिला. फुटपाथवर, रस्त्यावर नव्हे! मी सावरले, पण पिशवी पडली आणि टोमॅटोंचा जागच्या जागी रस्सा झाला. वर तो शहाणा मलाच म्हणतो, काकू, बेल वाजवली होती की. जसं काही मीच त्याच्या दिवाणखान्यात शिरले होते! बाईमाणसाने आवाज चढवू नये, असं कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलं होतं. ते सगळं क्षणात विसरले.

आता गल्लीने मला पुढे केलं आहे. येत्या सोमवारी नगरपालिकेत अर्ज द्यायचा: फुटपाथवर सायकल दिसली की जप्त. मसुदा सोबत आहे. तो माझ्या लाडक्या भावाला, म्हणजे तुझ्या ठोंब्याला दाखव. जन्मभर रस्त्यांचे नकाशे काढलेत त्याने, चार नियम घालून दे म्हणावं. हल्ली मेला दोन ओळी लिहीत नाही. पेन्शनीत आळस मुरला की बहिणीचा विसर पडला, ते खरं खरं कळव.

तुम्हा दोघांची उगाच काळजी करणारी,
वन्सं

ता. ६ नोव्हेंबर

ती. वन्संना, शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला लागलं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. यांनी मला शपथ घातली होती, ती आज मोडते. यांना कंपवात झालाय. वर्ष उलटलं. अक्षर मुंगीएवढं झालं, म्हणून पत्र नाही. चालताना पाय मध्येच जमिनीला चिकटतात. दारात उभे राहिले की उभेच. पण सायकलवर बसले की कोणाला खरं वाटणार नाही! डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, जमतंय तोवर चालवू द्या. रस्त्यावर ट्रक अंगावर येतात, म्हणून हे फुटपाथवरून हळूहळू जायचे. परत यायचे ते शीळ घालत.

गेल्या आठवड्यात एका आजींनी हँडल धरलं. धडधाकट पाय आहेत ना, मग उतरा आणि चाला, म्हणाल्या. हे उतरले, आणि पाय चिकटले. भोवती माणसं जमली. कोणी म्हणे हट्टाला पेटलाय, कोणी म्हणे प्यायलाय. मी जाऊन घरी आणलं. तेव्हापासून सायकल गॅलरीत कुलपात, आणि हे भिंतीकडे तोंड करून बसलेले. असेच बसून राहिले तर कायमचे बसतील, असं डॉक्टरांनी बजावलंय. तुमचा मसुदा वाचून एवढंच म्हणाले, ताईचं बरोबर आहे.

रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण यांना दोन शब्द लिहा.

आपली वहिनी

ता. ११ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास, अ. आ.

शपथ मोडली म्हणून वहिनीवर चिडलास तर गाठ माझ्याशी आहे. तिचे उपकार मी जन्मभर विसरायची नाही. तू मात्र वर्षभर लपवून मला फसवलंस. भेटलास की कान धरणार आहे, पांढरे केस बघणार नाही.

काल नगरपालिकेत गेले. जप्तीची ओळ मी तिथेच, साहेबांच्या टेबलावर, त्यांच्याच पेनाने खोडली. सोबत गल्लीतली मंडळी होती. शेजारचे वकील म्हणाले, बाईंनी ऐनवेळी पार्टी बदलली. मी म्हटलं, चालणारे आणि सायकलवाले इथे एकमेकांच्या झिंज्या उपटताहेत, आणि निम्मा रस्ता अडवून मोटारी गाढ झोपल्यात. आधी त्यांना उठवा, म्हणजे सायकलींना कडेने जागा होईल. साहेब हो म्हणाले नाहीत, पण अर्ज घेतला आणि चहा पाजला. माझ्या टोमॅटोंच्या मारेकऱ्याला मात्र माफी नाही.

आता तुझं. ताईचं बरोबर आहे म्हणालास? ताईचं चुकलं. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळायचं नाही. कुलूप काढ. समोर माणूस आलं की बेल वाजवू नकोस, तोंड उघड. मला चालता येत नाही, सायकल येते, जरा वाट द्या, एवढं सांगायला लाज कसली?

तुझ्यावर मनापासून चिडलेली,
ताई

ता. २० नोव्हेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

अक्षर बारीक आहे, चष्मा लाव.

तुझ्या धाकाने कुलूप काढलं. ही सोबत मागून चालते. काल त्याच आजी समोर आल्या. हात उगारलाच त्यांनी. मी ब्रेक लावून उतरलो आणि तू पढवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगेपर्यंत पाय चिकटले, म्हणजे पुरावाही जागेवर हजर! आजी माझ्या बुटांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आता हो? मी सांगितलं, पायापुढे काही आडवं दिसलं की ते ओलांडायला कधी कधी पाऊल उचलतं, असं डॉक्टर म्हणतात. त्यांनी आपली काठी माझ्या बुटापुढे आडवी टेकवली.

पाऊल उचललं, ताई! मग पुन्हा काठी, पुन्हा पाऊल. हिने सायकल धरली आणि आम्ही पार कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. तो कोपरा मी वर्षभरात पायी पाहिला नव्हता. त्या बाई वाटभर सायकलवाल्यांच्या नावाने खडे फोडत होत्या आणि मी मान डोलवत होतो. अगदी तुझ्याबरोबर चालल्यासारखं वाटलं.

तुझे आभार मानावेत तर तू मानू देणार नाहीस. लोभ आहेच, रागही असाच असू द्यावा.

तुझा,
ठोंब्या