वरच्या पट्ट्या

ता. ३ जून

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

देवाच्या कृपेने आम्ही दोघं खुशाल. तूही खुशाल असशील आणि दुकान उघडण्याआधी पोटात काहीतरी ढकलत असशील, असं धरून चालते.

आज लिहायला बसले ती यांच्या अँप्लिफायरपायी. तूच बारा वर्षांमागे जोडून दिलेला, आत काचेच्या दिव्यांसारखे व्हॉल्व्ह असलेला. हे म्हणतात त्याचा आवाज मेलाय, वरचे स्वर पांघरुणात तोंड घालून गायल्यासारखे येतात. सहाच्या सहा व्हॉल्व्ह नवे घालायचे म्हणतात. इथल्या दुकानदाराने किंमत सांगितली तेव्हा मी तिथल्याच स्टुलावर बसले. तेवढ्यात आमचं तीन महिन्यांचं वाणसामान येतं.

नुसती हौस असती तर मी सरळ नाही म्हटलं असतं. पण मागच्या खेपेस यांनी शाळेच्या सभागृहातला पियानो सुरात लावून दिला, तेव्हा संगीताच्या बाईंचा निरोप आला की वरच्या पट्ट्या बेसूर आहेत. पियानो लावण्यात तीस वर्षं गेली, असा निरोप कधी आला नव्हता. हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग म्हणाले, घरातलं यंत्र मंद झालंय, ते ऐकून ऐकून कान आळशी झाला. येत्या पंचवीस तारखेला तोच पियानो परत लावायचा आहे. या वेळी चुकलं तर शाळा दुसरा माणूस बघणार, आणि शाळेने सोडलं की बाकीची घरंही सोडतील. यांना दुसरं काही येत नाही, आणि येत असतं तरी यांनी केलं नसतं.

तेव्हा थोडक्या पैशांत आवाज कसा सुधारेल ते कळव. मला संगीतातलं काही कळत नाही हे लक्षात ठेवून लिही. तुझी फी आशीर्वादातून वळती करून घे.

तुझी,
ताई

ता. ७ जून

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

फी पोचली, पावती हवी असल्यास कळवणे.

सहाही बदलायचं काहीच कारण नाही. मागचे चार मोठे व्हॉल्व्ह म्हणजे हमाल. दिलेलं ओझं उचलायचं, एवढंच त्यांचं काम. ते अजून चांगली सहा वर्षं उचलतील. खरी मेख पुढच्या दोन छोट्यांत, आणि त्यातही पहिल्यात, रेकॉर्डची वायर येते त्याच्या शेजारच्या. त्याने आत सोडलेला कचरा पुढचे सगळे इमानाने मोठा करत नेतात. तेवढा एक बदल.

दुकानदार तुला चकचकीत डबीतला जुना परदेशी नग दाखवेल. त्यात अर्धी किंमत डबीची असते, ती वाजत नाही. साधे, वापरलेले, मीटरवर तपासलेले तीन घे. तीन का, तर त्यात एखादा तरी शांत निघतो. एकेक बसवायचा, रेकॉर्ड न लावता आवाज अर्ध्यावर ठेवायचा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने व्हॉल्व्हच्या काचेला हळूच टिचकी द्यायची. चांगला असेल तर स्पीकरमधून नुसतं टक येईल. वाईट असेल तर पेल्यावर चमचा मारल्यासारखा बारीक किणकिणत राहील. बदलताना बटण बंद करून दहा मिनिटं थांब, काच तापलेली असते. भाऊजींना स्पीकरजवळ बसव. त्यांच्याइतका कान आपल्या घराण्यात कुणाचा नाही.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
धाकटा

ता. १५ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद. वि. वि.

तीन व्हॉल्व्ह घेतले. दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून दिले आणि मी डबीला भुलले नाही म्हणून तोंड वाकडं केलं. घरी आणून पाहते तर नुसती धूळ. देवघराशेजारी असला मळ ठेवणार कसा? ओल्या फडक्याने चकचकीत पुसले, हात ओला होता म्हणून अँप्लिफायरमधला जुनाही काढून पुसला. फडकं पिळताना कळलं, काचेवरची अक्षरं फडक्यावर आली होती. चौघेही टकले. कोण नवा आणि कोण जुना, देवच जाणे. हे इतके हसले की मला राग यायचा राहून गेला.

मग कानानेच निवडायचे ठरले. हे स्पीकरला कान लावून बसले, मी पेन्सिल घेतली. पहिल्या तिघांत टक, टक, टक. चौथ्याला टिचकी दिली आणि माझ्या दातांतून सुई गेल्यासारखं झालं. कितीतरी वेळ किणकिणत होतं. मी यांच्याकडे पाहिलं. हे डोळे मिटून शांत बसलेले. म्हणाले, हा सगळ्यात स्वच्छ, हाच ठेव.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी हे कामाला गेल्यावर वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना बोलावून परत टिचकी दिली. त्यांनी कानांवर हात ठेवले.

धाकट्या, दोष यंत्रात नाही रे. तो यांना कसा सांगू? यांनी म्हटल्याप्रमाणे तो चौथाच बसवून ठेवला आहे. संध्याकाळी रेकॉर्ड लागते आणि मी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडते. रोज देवापुढे बसते पण काय मागायचं तेच ठरत नाही. पंचवीस तारीख दहा दिवसांवर आली. यांना काही कळवू नकोस आणि हे पत्र फाडून टाक.

तुझी,
ताई

ता. १६ जून

प्रिय मेहुणे यांस सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुमच्या ताईने व्हॉल्व्हना आंघोळ घातल्याचं तुम्हाला कळलंच असेल. त्यापुढचं तिला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

चौथ्या व्हॉल्व्हला तिने टिचकी दिली तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही. हाच ठेव, असं मी ऐटीत सांगितलं. मग डोळे उघडले तर तिचे खांदे कानांपर्यंत चढलेले. त्या चेहऱ्यावरून कळलं की तिथे आवाज होता. गेले चार दिवस मी रोज रेकॉर्ड लावतो. ती नळ सोडते, तोही मला कळतो.

खरं सांगायचं तर वर्षभर संशय आहे. पण व्हॉल्व्ह बाजारात मिळतात, म्हणून दोष त्यांच्या माथी मारला. पंचवीस तारखेला आजारी पडावं की शाळेला चिठ्ठी पाठवून मोकळं व्हावं, ते ठरत नाही. तुम्ही मला काही सुचवा. मात्र तिला कळवू नका. ती उगाच धास्ती घेईल.

आपला,
भाऊजी

ता. १९ जून

ती. ताईस आणि ती. भाऊजींस सा. न.

दोघांनी एकमेकांपासून लपवायला सांगितलेली एकच गोष्ट सांभाळणं मला झेपत नाही. सोबत दोन पाकिटं आहेत. ताईचं पत्र भाऊजींच्या पाकिटात आणि भाऊजींचं ताईच्या पाकिटात घातलं आहे. ताई, तू फाड म्हणाली होतीस, पण पाठकोरा कागद फाडायची शिकवण मला तू कधी दिली नाहीस.

रागवायचं असेल तर दोघांनी मिळून माझ्यावर रागवावं, म्हणजे निदान एका बाजूला बसाल.

धाकटा

ता. २६ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद देते, पण या खेपेस जरा हात राखून. पाकिटं उघडली आणि आम्ही दोघं आपापला कागद धरून बाकावर बसून राहिलो. चहा निवला. मग हे म्हणाले, तुझं अक्षर अजून शाळकरीच आहे. मी म्हटलं, तुमचं खोटं बोलणं त्याहून शाळकरी. त्यानंतर आम्ही नीट बोललो. व्हॉल्व्ह बदलला आणि नळ बंद झाला.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, वरचं ऐकू येणं वयाने जातं, गेलेलं परत येत नाही, खालचं अजून ठणठणीत आहे.

काल शाळेत यांनी बाईंना सगळं स्वतः सांगितलं. मी दाराशी उभी होते. बाईंनी पियानोचं झाकण उघडलं. म्हणाल्या, लावून दाखवा, मग बघू. खालच्या आणि मधल्या पट्ट्या यांनी एकट्याने लावल्या. वरच्या पट्ट्यांशी आल्यावर मला शेजारी बसवलं. एकेका पट्टीला तीन तारा असतात, त्या जुळल्या नाहीत की आवाज थरथरतो. थरथर थांबली की मी बोट वर करायचं, एवढंच. एका पट्टीला हे म्हणाले झालं, मी बोट वर केलं नाही. हे दोनदा म्हणाले झालं. मी मांडीवरचं बोट हलवलं नाही. यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, आणि किल्ली केसभर फिरवली. तेव्हा थांबली.

बाईंनी वाजवून पाहिलं. मला विचारलं, आपण संगीत कुठे शिकलात. मी म्हटलं, शिकले नाही, पण एखादी गोष्ट गप्प झाली की नाही ते मला समजतं. पुढच्या वर्षाचं काम दिलं आहे, पण दोघांनी यायचं या अटीवर.

सोमवारी दुसऱ्या घरचा पियानो आहे. हे म्हणतात आठला निघायचं. मी नऊ सांगितलं आहे. पूजा आणि स्वयंपाक आटोपल्याशिवाय माझं बोट वर होणार नाही.

जिवाला जप, आणि आमच्यावरची माया आता दोघांत सारखी वाट.

तुझी,
ताई