श्रावणातली सरासरी

५ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ९
डॉक्टर म्हणाले, रोज जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून शुगर बघा, २७ तारखेला शेवटच्या सात दिवसांची सरासरी घेऊन या. दोनशेच्या वर गेली तर ॲडमिट.
वही नको. वही ह्यांनी ठेवली होती. शेवटच्या पानापर्यंत ‘ठीक’ लिहिलंय. पाय गुडघ्यापासून काढला, अकरा महिन्यांनी हेही गेले.
मी प्रोग्राम लिहिणार. शाळा सातवीपर्यंतच, पण वाचनालयाचं एक कपाट सोडलेलं नाही. लेकीनं, उमानं, पुण्याला जाण्याआधी ह्यांच्या कॉम्प्युटरवर पायथन टाकून दिलंय. आठ दिवसांत येईल मला.

८ ऑगस्ट, गुरुवार
दोन अधिक दोन चार आले. मग १७२ आणि १८८ ची सरासरी काढली. आली २६६. घाबरून पाणी प्याले. उमा फोनवर हसली. म्हणाली, आई, कंस टाक, तो नुसत्या दुसऱ्या आकड्यालाच भागतोय.
कंस टाकला. १८०.
म्हणजे उत्तर आपण कसं लिहितो त्यावर असतं. लक्षात ठेवायचं.

९ ऑगस्ट, नागपंचमी
आज काही चिरायचं, कापायचं नाही. बोट टोचणं त्यातच आलं. सुट्टी.

१२ ऑगस्ट, सोमवार
श्रावणी सोमवारचा उपवास. खडकेश्वराच्या देवळात जाऊन आले.
घरात ह्यांच्या चपला घालते. डावी झिजून मऊ झालीय. उजवी अजून नवी, कडक. ती घालायला ह्यांना पायच राहिला नव्हता. माझ्या उजव्या अंगठ्याला तिनं फोड आणलाय. दुखत अजिबात नाही. चांगलं लक्षण.
साबुदाण्यानंतर आकडा २८४. पण उपवासाला जेवण नसतंच, मग जेवणानंतरचा आकडा कसला? प्रोग्राममध्ये अट घातली: उपवास असेल तर तो दिवस धरू नये. पहिल्याच झटक्यात चालली! उमाला सांगितलं नाही.

१६ ऑगस्ट, एकादशी
अट उत्तम चालते. फोड फुटला. हळद लावली. दुखत नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार
धुणंभांडी करता करता चतुराबाई म्हणाली, माय, फरशीवर कुंकू सांडलंय का? म्हटलं, हो, पूजेचं. पाय मागं घेतला. तर म्हणते, तुमी चालता तिथं तिथंच सांडतंय व्हय?
लई बोलते.

२२ ऑगस्ट, संकष्टी
उपवास. आजचं अट बघेल.
मंगळवारी २३१, काल २४६. मशीन ह्यांचंच, जुनं. चुकत असणार. दुसरी अट घातली: दोनशेच्या वर आकडा म्हणजे मशीनची चूक, दिवस गाळावा. आता सरासरी दोनशेच्या वर जाऊच शकत नाही. एवढं डॉक्टरांनाही सुचलं नसतं.
उमानं विचारलं, पाय कसे आहेत? वडिलांना विचारायची त्याच आवाजात. म्हटलं, ठीक.

२५ ऑगस्ट, रविवार
उजव्या चपलेत मुंग्या. चतुराबाईनं झटकल्या. चहा होईपर्यंत पुन्हा रांग. म्हणाली, माय, चपलेत गूळ ठिवलाय का? म्हटलं, लाडू पडला असेल. ती हसली नाही.
अंगठा काळा दिसतो. हळद जुनी होती. मोजे घातले.
घरात कसलासा वास येतोय. कपाटामागं उंदीर मेला असणार.

२७ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी साडेसात
प्रोग्राम चालवला. सरासरी आलीच नाही. नुसती लाल अक्षरं. प्रोग्रामसकट फोटो काढून उमाला पाठवला. लगेच व्हिडिओ कॉल. म्हणाली, आई, शून्यानं भागतेयस. दोन उपवास, पाच मशीनच्या चुका. सातही दिवस गाळलेस. धरायला एक दिवस राहिला नाही.
मग म्हणाली, दोन्ही अटी काढ.
काढल्या. २६३.
म्हणाली, कॅमेरा खाली धर. धरला. मोजा काढायला लावला. ती रडली नाही. फक्त म्हणाली, चतुराबाईला फोन दे.

सव्वाआठ
रिक्षा दारात आहे. चतुराबाई पिशवी भरतेय. ब्रश, पातळ, चष्मा. चपलांपाशी थांबली. विचारलं, दोन्ही घिऊ का, माय?
दोन्ही घे, म्हटलं.
तिनं उजवीतल्या मुंग्या झटकल्या आणि दोन्ही भरल्या.