मुलुंड विंडोजमुक्ती मोहीम

शनिवार, १ नोव्हेंबर
"मुलुंडकर गुलामांनो! तुमचा लॅपटॉप ठणठणीत आहे. तरी नवं विंडोज त्याला दारात उभं करत नाही, आणि तुम्ही निमूटपणे दुसरा घ्यायला निघालात!"
उद्याच्या भाषणाची ही सुरुवात. आरशासमोर म्हणून पाहिली. अंगावर काटा आला. माझ्याच.
वाचनालयाच्या कार्यवाह जयाताईंनी आमच्या संगणक मित्र मंडळाला हॉल महिन्याभरापुरताच दिलाय. तीस तारखेच्या सभेत नव्या सभासदांनी विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची, मुक्त प्रणाली चालवून दाखवायची, नाहीतर रविवारचा हॉल झुंबावाल्यांना. मी, राजाराम, अध्यक्ष असताना झुंबा! महिन्याभरात मुलुंड विंडोजमुक्त करतो.
संकल्प: स्वतःच्या लॅपटॉपवरचं विंडोज आजच काढणे.
ता. क. उद्या काढतो. भाषण अजून टाइप व्हायचंय आणि माझा जुना मराठी फॉन्ट फक्त विंडोजवरच आहे. तात्पुरती तडजोड.

रविवार, २ नोव्हेंबर
सहा जण आले. प्रश्नांची पातळी: व्हॉट्सॲप चालेल का? प्रिंटर चालेल का? स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभं राहून माणूस लाइट बिल कुठे भरायचं ते विचारतो!
नाहूरच्या रत्नप्रभाबाई भजनी मंडळ चालवतात. त्यांचा एकच धोशा, बटण खंय आसा? सांगितलं, सोर्स कोड म्हणजे काय ते कळल्याशिवाय बटणाला हात लावू देणार नाही. पाऊण तास बोललो. सॉफ्टवेअर परवान्यांचा इतिहास निम्मा झाला. दोघांनी डोळे मिटले. विचार आत उतरत होता.

रविवार, ९ नोव्हेंबर
आज थेट काळा पडदा. माणसाने कमांड द्यावी, माउस फिरवत बसू नये.
पासवर्डलाच गाडी अडली. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "मेलो कीबोर्ड बिघडलो, एक अक्षर उमटणा नाय." मी त्यांचा लॅपटॉप उलटा करून झटकला. त्यातून शेव पडली. मी व्होल्टेजवर शंका घेतली. तेवढ्यात आमची चिटणीस संघमित्रा (घाटकोपरची, वयाने निम्मी, जिभेने दुप्पट) म्हणाली, सर, काळ्या पडद्यावर पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसतच नाहीत. हे मला अर्थातच माहीत होतं.
वर म्हणाली, तुम्ही भाषण करा ना, तोवर मी यांना बटणं दाखवते. मागचा कोपरा दिला तिला. उथळ शिक्षणाला कोपराच योग्य.
विंडोज: या आठवड्यात नक्की.

रविवार, १६ नोव्हेंबर
समोर दोन श्रोते. कोपऱ्यात गर्दी. आवाज चढवला. कोपऱ्यातून निरोप आला, सर, जरा हळू, प्रिंट येतंय. आलं. भजनाचा कागद! त्याला टाळ्या पडल्या. कागदाला!
विंडोज: काढलेलं नाही. तीस तारखेचं भाषण आयुष्यातलं सर्वोत्तम होतंय. लढाई चालू असताना तलवार बदलत नाहीत.

रविवार, २३ नोव्हेंबर
कोपरा आता हॉलभर झालाय. मी कोपऱ्यात. तिथून सगळ्यांवर नीट नजर राहते.
संघमित्राचा सल्ला: भाषण युनिकोडमध्ये घ्या, तुमच्या फॉन्टमधलं मराठी दुसरीकडे उघडलं तर नुसते किडेमुंग्या दिसतील. हसलो. विचार खणखणीत असला की फॉन्ट आडवा येत नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर, संध्याकाळ
जे घडलं ते असं.
हॉल भरलेला. पहिल्या रांगेत जयाताई. "गुलामांनो" म्हणताच टाळ्या. त्या टाळ्यांनीच घात केला. भाषणात नसलेलं वाक्य बोलून गेलो: ज्याच्या यंत्रावर विंडोज असेल, त्याने आत्ता, सगळ्यांच्या देखत पुसून टाकावं!
रत्नप्रभाबाई उठल्या. "मास्तरांनू, आमच्या कोणाच्यार नाय आता. तुमच्यार काय आसा ता दाखवा."
माझा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला. भिंतभर विंडोजच्या खिडक्या. हॉल असा हसला की जयाताईंनी चष्मा काढून डोळे पुसले. संघमित्राने विचारलं, सर, पुसू? म्हटलं, पूस. भाषण पेनड्राइव्हवर होतं, मला कसली भीती?
ती लिनक्स टाकत होती तोवर त्या सहा जणांनी एकेक करून करामती दाखवल्या. प्रिंट काढलं, लाइट बिल भरलं. जयाताईंनी तिथेच हॉल वर्षभरासाठी देऊन टाकला.
मग माझं भाषण उघडलं. भिंतभर ठिपके, टोप्या, उलटी इंग्रजी अक्षरं. पाठ होती ती फक्त सुरुवात, आणि ती झाली होती. संघमित्रा म्हणाली, फॉन्ट शोधून टाकते, मघाशी ठेवलात तो पासवर्ड द्या. मी काळ्या पडद्यावर टाइप केला. काहीच उमटेना. जाहीर केलं की कीबोर्ड बिघडलाय.
रत्नप्रभाबाई जागेवरून ओरडल्या, "दिसणा नाय, पण जाता आत! मारा एंटर!"
मारला. गेला. फॉन्ट मात्र मिळाला नाही.
जयाताईंनी समारोपात सांगितलं, येत्या रविवारपासून नवशिक्यांचा वर्ग रत्नप्रभाबाई घेतील. पहिलं नाव संघमित्राने फळ्यावर लिहिलं. माझं. हे अध्यक्षाला विचारून करायला हवं होतं.
तेव्हा राजाराम, रविवारी सकाळी त्या वर्गाला जा, पुढच्या बाकावर बस, आणि तोंड उघडू नकोस.