नाचणीच्या सत्त्वात मिरची

जयनगर, बेंगळूर
१३ जानेवारी १९९७

चि. फत्तेसिंग यास अक्काचे आशीर्वाद.

काल, रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, तू बेळगावहून पाठवलेलं नाचणीसत्त्व शिजवून शिवानीच्या लेकीला बोटभर चाटवलं. पोरीनं टाहो फोडला आणि तिच्या तोंडाभोवती लाल चट्टे उठले. मी चाखलं, तर मलाच ठसका लागला. गिरणीत मिरची दळून झाल्यावर त्याच जात्यात तुझी नाचणी पडलेली दिसते.

काळजी नको. साजूक तूप लावल्यावर दुपारपर्यंत गाल पुन्हा लोण्यासारखे झाले. शिवानी मात्र म्हणते, "आई, आता दुकानातला डबाच आणू." माझ्या हयातीत ते होणार नाही. नवी नाचणी मोड आणायला बांधून ठेवली आहे. दळताना गिरणीत मी स्वतः उभी राहीन.

राजलक्ष्मीचा गुडघा कसा आहे? बायकोला जिने चढायला लावू नकोस.

सव्वीस तारखेला उष्टावण आहे. शिवानीला भाऊ नाही, तेव्हा पहिला घास तिच्या मामानं, म्हणजे तूच भरवायचा. पण दळण चालू असताना तू गिरणीत होतास की समोर चहा पीत होतास, हे चोवीस तारखेच्या आत लेखी कळव. नाहीतर शेजारचे नागराज चमचा घेऊन तयारच आहेत.

तुझी,
तानूअक्का