पुढची जागा सोडल्यावर

आये, तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू जाऊनही इतकी वर्षं झाली की माझी मुलगी तुझा चेहरा फोटोवरूनच ओळखते. तरी लिहायला बसलेय. सकाळपासून माझा पाय घरात ठरत नाही. डाळ शिजायला ठेवली आणि गॅस पेटवायला विसरले. कपडे वाळत घातले आणि थोड्या वेळाने तेच ओले कपडे काढून घड्या घालायला लागले. तुझा जावई खुर्चीत बसून सगळं बघत होता. म्हणाला, "जायचं तर जा, नाय तर नको जाऊ. पन भांडी आपटू नको." उद्या संध्याकाळी शेणव्याला जयंतीचा कार्यक्रम आहे आणि मला गायन पार्टीबरोबर जायचंय. पुढे बसून गायला नाही. मागे, कोरसात बसायला. बाकी सगळ्यांना सांगून झालंय, पण तुझ्याशी बोलल्याशिवाय मला गाडीत बसता येणार नाही, कारण कोरसात बसायचं नाही हे मला तूच बजावलं होतंस.

आणि तू स्वतः मात्र जन्मभर कोरसात बसलीस. पुढे मुख्य गायिका, तिच्यासमोर माइक, एका हाताला पेटी, दुसऱ्या हाताला ढोलकी, आणि मागे तुम्ही तिघी, टाळ्या वाजवत धृपद परत परत म्हणणाऱ्या. दिवसभर वीटभट्टीवर विटा वाहायच्या, अंगावरची लाल माती धुवायची आणि जीपमध्ये दाटीवाटीने बसून किन्हवलीकडच्या नाहीतर पार मुरबाडकडच्या एखाद्या वस्तीत जायचं. लहानपणी मला वाटायचं, तुम्ही नुसत्या मागून ओरडता. तुझं खरं काम काय होतं ते फार उशिरा कळलं. पुढची बाई वरच्या सुरात चढली की तू तिच्या मानेकडे बघायचीस. मानेची शीर ताणली की हिचा दम आता संपणार हे तू ओळखायचीस, आणि ओळ तुटायच्या आधी अलगद उचलायचीस. समोरच्या लोकांना वाटायचं, काय दमाची बाई आहे. टाळ्या तिला पडायच्या आणि तू मागे पदर सारखा करत बसायचीस. हे बघून मला राग यायचा. तुला यायचा की नाही, ते तू कधी बोलली नाहीस.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. तुमच्या तिघींतली एक आली नव्हती, जागा रिकामी होती, आणि मी धावत येऊन तुझ्या मांडीला मांडी लावून बसले. मला वाटलं तुला आनंद होईल. तू सगळ्या मंडपासमोर माझं बखोट धरलंस. "ऊठ. इथं नको बसू." मी म्हटलं, मला सगळी धृपदं येतात. तू म्हणालीस, "म्हनून तर ऊठ. इथं बसलेली बाई इथंच ऱ्हाते." मी रडत बायकांमध्ये जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून तू मला चुलीपुढे उभी करायला लागलीस. तू तांदळाची भाकर थापतेयस, काटवटीवर थपथप आवाज चाललाय, धुराने माझे डोळे भरलेत आणि मला त्या आवाजाच्या वर गायचंय. दम संपला की मी तुझ्याकडे बघते, तू उचलशील म्हणून. तू भाकर तव्यावर टाकतेस आणि माझ्याकडे बघतही नाहीस. "मी नाय उचलनार. तुझं तू पुरं कर." त्या दिवसांत मला तुझा फार राग यायचा, आये, खरंच सांगते. शाळेत माझ्या कपड्यांना धुराचा वास यायचा आणि पोरी नाक मुरडायच्या.

मग मी पुढे बसायला लागले तेव्हा तू शहापूरच्या बाजारातून माझ्यासाठी साडी आणलीस. पोपटी, आणि सगळ्या अंगावर टिकल्या. मी नेसले तर वस्तीतले लोक म्हणाले, लाइट गेले तरी आता चिंता नाही. तू म्हणालीस, "हसू दे. मागच्या रांगेतल्या मानसाला पन दिसली पायजे." दिसले मी, आये. काही वर्षं चांगली दिसले. सवाल-जवाबाच्या सामन्यात समोरच्या पार्टीचा गायक मला खिजवायला उठायचा आणि खाली मान घालून बसायचा. तू मागे असायचीस, पण माझी ओळ तू कधी उचलली नाहीस. लोकांना ते कळत नव्हतं. मला कळत होतं आणि त्याचा ताठा होता.

त्यानंतरचं तू थोडंसंच पाहिलंस. कल्याणला कॅसेटसाठी मला बोलावलं, दोन गाणी माझ्याकडून गाऊन घेतली, आणि कॅसेट आली तेव्हा चाल तीच, शब्द तेच, आवाज दुसऱ्याच बाईचा. तू टेपरेकॉर्डर बंद केलास आणि म्हणालीस, "तांदूळ निवडायचेत." एवढंच. लग्नानंतर सासूने वर्षभर जाऊ दिलं नाही, मग ती स्वतःच एका कार्यक्रमात येऊन बसली आणि परतताना गाडीत माझंच गाणं गुणगुणायला लागली. तू गेल्यावर मंडळांना डीजे हवा झाला. मोठमोठे बॉक्स, कानठळ्या, पोरं नाचतायत, गायन पार्टी कशाला कुणाला लागतेय. आमची बुकिंगं नामकरणावर आणि घरभरणीवर आली. तरी मी गात राहिले. दिवसा वाशिंदच्या कारखान्यात पॅकिंगला जात होते. तिथं मशीनच्या आवाजात शेजारणीला मीठ मागायचं तरी ओरडावं लागतं. एक दिवस गाताना वरचा सूर लागलाच नाही. हवा आली, आवाज आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यात गाठी आहेत, दोन्हीतलं एक सोडा. मी कारखाना सोडला. घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. ऑपरेशन झालं, महिनाभर हातवारे करून भाजी घेतली, आणि आवाज परत आला तो खाली उतरून, खरखरीत होऊन. धृपद म्हणता येतं. खालचे सूर चांगले लागतात, पूर्वीपेक्षा बरे लागतात. पण वर चढायला गेले की आवाज फाटतो, म्हणून पुढची जागा सोडली.

मुरबाडकडचा तो कार्यक्रम तुला आठवतो का? मला या आठवड्यात तोच सारखा आठवतोय. मी अजून पुढे बसत नव्हते तेव्हाचा. मुख्य बाई कल्याणहून यायची होती आणि तिची गाडी वाटेत बंद पडली. मंडप भरलेला, मंडळाची माणसं हवालदिल. पेटीमास्तर तुझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, तुमी म्हना. तुमाला सगळं येतं." मंडळाचे लोकही म्हणाले, म्हणा हो बाई. मी बायकांमध्ये गुडघ्यांवर उठून तुझ्याकडे बघतेय, कारण मला माहीत आहे, तुला एकूण एक कडवं येतं, भाकरी थापताना तू अख्खी गाणी म्हणतेस. आणि तू म्हणतेस, "मला नाय येत." मास्तरांनी पेटीवर तुझी पट्टी धरलीसुद्धा. तू मान हलवतेस. शेवटी गावातल्याच एका माणसाने दोन भजनं म्हणून वेळ मारून नेली आणि लोक उठून गेले.

दुसऱ्या दिवशी आपण ओढ्यावर धुणं घेऊन गेलो होतो. मी तुझ्याशी बोलत नव्हते. तूच गोधडी पिळता पिळता बोलायला लागलीस. "रागावलीस व्हय गो? ऐक. काल मी पुढं बसली असती, लोकांनी वा वा केली असती. आन मग पुढच्या खेपेला ती बाई आली असती, आन मला परत मागं सरकवली असती. पुढं बसून परत मागं बसायचं, तेवडं सोसायला मी नाय." मी म्हटलं, भित्री आहेस तू. तू म्हणालीस, "हाय भित्री." आणि गोधडीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलंस. तुला कधी पुढे बसावंसं वाटलं असेल हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी कळलं की वाटत होतं, आणि तेही इतकं की तू त्याच्या जवळ जायलाही घाबरत होतीस.

आता बघ, जे तुला सोसणार नाही असं वाटलं तेच माझ्या पुढ्यात आलंय. आमच्या पार्टीत आता जी मुलगी पुढे बसते ती किन्हवलीकडची, माझ्याच मागे कोरसात वाढलेली. तिशीही नाही अजून. तुझं ते वाक्य तिने खोटं ठरवलं, कोरसातून उठून पुढे आली. तिचे व्हिडिओ लोक मोबाइलवर बघतात आणि त्यामुळे आम्हाला परत बुकिंगं यायला लागलीत. पंधरवड्यापूर्वी ती घरी आली. चहा दिला तर कप हातात धरून बसली, प्यायली नाही. मग म्हणाली, "ताई, राग येनार असंल तर आत्ताच सांगा, मी जाते." मी म्हटलं, बोल. "माज्या मागं बसाल का? मागच्या दोघी नवीन हायेत, त्यांना कळत नाय. तुमी असलात तर मी बिनघोर वर जाते." वाईट काहीच बोलली नाही ती. आवाजात कीवसुद्धा नव्हती, गरज होती. कीव केली असती तर मी तिला हाकलून तरी देऊ शकले असते. मी म्हटलं, बघते. ती गेल्यावर दार लावलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग दोन दिवसांनी फोन करून हो म्हणाले. घरात बसून दुसऱ्यांचे व्हिडिओ बघण्यापेक्षा मंडपात मागे बसणं बरं, असं मनाला सांगितलं. मला गाण्याशिवाय राहता येत नाही, आये. मी करून बघितलं. चिडचिडी होते, माणसं तोडते.

काल विहारात तालीम होती. पेटीमास्तर तेच, आता दात नाहीत पण बोटं चालतात. मी मागे जाऊन बसले आणि पहिल्या धृपदालाच अशी तुटून पडले की माझाच आवाज सगळ्या हॉलभर. तिने हात वर करून थांबवलं. वळून म्हणाली, "ताई, जरा आवाज मागं घ्या ना." ढोलकीवाला ढोलकीची वादी ओढत बसला, मास्तर पेटीकडे बघायला लागले. इतकी वर्षं मीच मागच्यांना हे सांगत आले होते. तोंडावर आलं होतं की चल, उठते मी. पण म्हटलं, "हो, घेते." दुसऱ्यांदा आवाज मागे घेतला. तो कसा घ्यायचा तेही मला येत नाही, आये, शेजारी बसलेल्या नव्या बाईचं ऐकून ऐकून घेतला. तू हे इतकी वर्षं कसं केलंस? मी त्याला काम म्हणतच नव्हते.

मग ते गाणं आलं ज्यात तिसऱ्या कडव्याला तिचा दम हमखास तुटतो. माझ्या हाताखाली होती तेव्हापासून तुटतो. मी पुढे सरकून बसले आणि तिच्या मानेवर नजर लावली. ती चढायला लागली. शीर ताणली. मी तोंड उघडलं, श्वास भरला, ओळ उचलायला तयार झाले. आणि ती गेली वर. अख्खी ओळ नेली, वर थांबली आणि हसत खाली उतरली. मास्तर वा म्हणाले. मीही म्हणाले, मोठ्याने म्हणाले. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "तुमी होतात म्हनून." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आणि मला वाईट वाटलं होतं. ती तुटली नाही म्हणून. ओळ उचलायची संधी गेली एवढंच असतं तर ठीक होतं, पण तेवढंच नव्हतं. तिची ओळ सगळ्यांसमोर तुटावी, आणि मागे कोण बसलंय हे एकदा सगळ्यांना कळावं, असं वाटत होतं मला. तुझ्या पोटात असं कधी आलं होतं का? इतक्या बायकांच्या माना बघत बसलीस, एकदाही नाही आलं? आलं असेल तर तू कुठे ठेवलंस ते?

उद्या मी जाणार आहे. तिचा दम सरला तर उचलीन, आणि इतक्या अलगद उचलीन की पहिल्या रांगेतल्या माणसालाही कळणार नाही. तेवढी मी तुझी आहे. पण तो सरावा असं मला आजही वाटतंय, आये, हे लिहितानाही वाटतंय. हे पत्र कुणाच्या हातात पडणार असतं तर एवढं मी लिहिलं नसतं.