टोपी, टॉवेल आणि दाखला

१२ जानेवारी
आशी राज्यात दुसरी आली. तीन किलोमीटर चालणे.
आशीच्या खेळाच्या शेख सरांचा फोन आला तेव्हा मी शाळेत खिचडीला फोडणी देत होते. "भाभी, पोरीनं नाव काढलं! सिल्व्हर!" झारा हातात तसाच राहिला, मोहरी जळाली. आज पोरांनी जळकी खिचडी निमूट खाल्ली. हेडमास्तरांनी वाढायच्या आधीच बातमी सांगितली होती.
दोन लाल कार्डं पडली म्हणे. तिसरं पडलं की बाहेर काढतात. या शर्यतीत एक पाय कायम जमिनीला लागलेला पाहिजे आणि पुढच्या पायाचा गुडघा सरळ. पाय सुटला तर ते पळणं होतं. गावाला हे पटत नाही. पूर्णेच्या पुलावर ती सराव करते तेव्हा पारावरची माणसं विचारतात, "आशे, बदकाची शर्यत कवा हाय?"
झाली म्हणावं.

१४ जानेवारी
पदक देव्हाऱ्यात ठेवलं नाही. यांच्या फोटोच्या खिळ्याला अडकवलं. हे जाऊन पाच वर्षं झाली. मेंढरं त्याच साली विकली. हे कळपाच्या पुढे चालायचे, मी मागे. लग्नानंतर पंधरा वर्षं मागे चालले, एकदाही गाठलं नाही. आशी पुलावरून येताना लांबून दिसली की अजून क्षणभर हेच आले वाटतं.

संक्रांत. कुणाकडे गेले नाही. शेजारच्या शकिलाबी तिळगूळ घ्यायला घरी आल्या, बराच वेळ बसल्या.

९ फेब्रुवारी
जालन्याच्या कॉलेजातल्या खेळाच्या पाटील मॅडम घरी आल्या. जीन पँट, मोटारसायकल. बारावीनंतर आशी त्यांच्याकडे यावी म्हणतात. फी माफ, सकाळी मैदान, बूट. होस्टेल नाही, रोज एस.टी.नं जायचं.
आशीनं एकच विचारलं, "बी.एस्सी. गणित घेऊ देताल?"
"मार्क पडले तर का नाही? पण दोन्ही जमवणं अवघड आहे. रडायचं नाही मग."
मला म्हणाल्या, "ताई, या दिवसांत बरेच जण येतील. मूळ दाखला, मूळ मार्कशीट कुणाच्या हातात देऊ नका. झेरॉक्स द्या. मलासुद्धा."
जरा टोचलंच. मला काय अडाणी समजल्या? शाळा दुसरीपर्यंत, ते खरं. पण आशीच्या पुस्तकांवर तिच्याबरोबर दहावीपर्यंत वाचत आले. शाळेच्या कपाटातली पुस्तकं दोनदा संपवली. मिठाची पुडी सोडली तरी कागद वाचल्याशिवाय टाकत नाही मी.

३ मार्च
गणिताचा पेपर. सोडवून आली आणि तशीच पुलावर गेली. फेरीला किती सेकंद लागले ते तोंडीच जोडते, घड्याळ नुसतं शेख सरांच्या हातात.

२१ एप्रिल
आज माहेरचं माणूस आलं.
संभाजीनगरच्या मोठ्या कॉलेजचे खेळाचे सर. गाडीतून उतरले, नाव सांगितलं गायके, आणि गाव विचारलं तर धावडा! आमच्या वरच्या आळीतले, चुलत्याच्या बांधाला बांध. "ताई, तुमच्या दादांच्या वर्गात होतो मी." दादा गेल्यापासून माहेरचं कुणी या घरात बसलं नव्हतं.
होस्टेल, मेस, बूट, ट्रॅकसूट, बाहेरगावी जायचा खर्च, सगळं कॉलेजचं. बी.एस्सी.? "बराबर करून देतो. भाचीसाठी एवढं न्हाई करणार का?"
आमरस केला. दोन वाट्या घेतला त्यांनी.

५ मे
आशीला ७८ टक्के. गणितात ९१!!
खाली दोन रेघा मारल्या. आणखी काय लिहू.

२४ मे
गायके सर कागद न्यायला आले. शेख सर सुट्टीत गावी गेलेत. रीत म्हणून टोपी, टॉवेल, नारळ केला. कुंकू मी विधवेनं कसं लावायचं, आशीनंच लावलं. त्याच ताटात आशीचा दाखला आणि मार्कशीट ठेवून दिली. मूळच. सरांनी टोपी तिथंच घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. मग एक छापील फॉर्म पुढे केला, "ताई, इथं सही."
केली.
माहेरच्या माणसासमोर कागद तोंडाशी धरून ओळ न् ओळ वाचायचा आणि मग सही करायची, हे मला जमलं नाही. पावती मागायचं तर मनातही आलं नाही. भावाला कुणी पावती मागतं का.
पाटील मॅडमचा फोन आला होता. आमचं ठरलं, असं सांगून ठेवून दिला.

१७ जून
आशीचं नाव बी.ए.ला घातलंय.
ती कॉलेज बघायला गेली होती. यादी लागलेली. परत आली तेव्हा चेहरा दगड. "सर म्हणाले, बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल संध्याकाळी असत्यात, मैदान बुडतं. खेळाच्या पोरी बी.ए.च करत्यात. फॉर्मवर तसंच लिहिलंय म्हणे. तुझ्या आईची सही हाय म्हणे."
ती म्हणाली, "आई, तू वाचला न्हाईस?"
मिठाची पुडी वाचणारी बाई.

१८ जून
गायके सरांना फोन केला. "ताई, पोरीचं भलंच करून राह्यलो मी. गणितानं पदक मिळतं का?" दाखला परत द्या म्हटलं. "आता तो कॉलेजात जमा झाला. न्हाई मिळायचा."
मूळ दाखल्याशिवाय दुसरं कुठलंच कॉलेज घेत नाही. जालन्याची शेवटची तारीख २३.
शेख सर आले. ओरडतील वाटलं. ओसरीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाभी, चूक झाली. मंग? आशीला लाल कार्ड पडलं की ती काय करते? थांबते का? चाल सुधारते अन् चालत राहते. कॉलेजची माहितीपुस्तिका दिलीय का तुम्हाला?"
दिली होती. पिशवीत तशीच पडून होती.

१९ जून
दिवसभर माहितीपुस्तिका. बावन्न पानं. प्राचार्यांचं मनोगत, गणवेश, ग्रंथालय, वाहनतळ. शब्दन् शब्द वाचला. पान ४७, तळाला, बारीक टाइप: वर्ग सुरू होण्याआधी पालकाने लेखी अर्ज दिल्यास प्रवेश रद्द करून मूळ कागदपत्रे त्याच दिवशी परत केली जातील.
वर्ग १ जुलैला सुरू.
आशीला हाक मारली. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला उचलूनच घेतलं. मेली फार ताकदवान झालीय.
अर्ज मी लिहिला. तीनदा. तिसरा बरा आला.

२० जून
सकाळची सातची गाडी. आशी बरोबर.
गायके सर मैदानाजवळ भेटले. "ताई, माहेरच्या माणसावर एवढा अविश्वास? धावड्यात कळलं तर लोक काय म्हणतील?" मी एवढंच बोलले, "टोपी-टॉवेल तुमच्याकडेच राहू द्या दादा. दाखला तेवढा द्या."
आशी फिस्सकन हसली. तेही हसले असते, पण मागे त्यांच्या खेळाच्या पोरी उभ्या होत्या.
प्राचार्यांकडे दोन तास बाकावर बसलो. आत गेलो. गायके सर आधीच आत. प्राचार्य म्हणाले, "बाई, असा नियम नाही. सर सांगतायत."
मी पुस्तिका उघडली. पान ४७. आजवर मनातल्या मनात वाचत आले, फार तर आशीला ऐकू जाईल एवढं. आज चार माणसांपुढे मोठ्यानं वाचलं. "त्याच दिवशी"वर बोट ठेवलं.
प्राचार्यांनी पुस्तिका हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला. "गायके, हे आपलंच आहे ना?"
"हो सर."
"बाई कुठं नोकरीला?"
"शाळेत खिचडी शिजवते."
शिपायाला कपाटाची किल्ली आणायला पाठवलं.
दाखला, मार्कशीट, दोन्ही मूळ. या वेळी पोचेवर सही करण्याआधी तिच्यावरची प्रत्येक ओळ वाचली. शिपाई कंटाळला. कंटाळू दे.
एस.टी.त आशी माझ्या खांद्यावर झोपली. दाखला पदराखाली धरून आमच्या केदारखेड्यापर्यंत मी डोळा लागू दिला नाही.

२३ जून
जालना. पाटील मॅडमसमोर काय तोंडानं जाणार? मॅडम म्हणाल्या, "आलात ना? बसा." झेरॉक्स पुढे केली तेव्हा मात्र हसल्या, "ताई, आज मूळ लागेल."
बी.एस्सी. पहिलं वर्ष, गणित. फॉर्म वाचायला वीस मिनिटं घेतली. मागे रांग. एक बाप ओरडला, "मावशी, कादंबरी हाय का ती?" म्हटलं, "त्याहून भारी हाय."

३० ऑगस्ट
पहाटे पूल, सातला एस.टी., संध्याकाळी प्रॅक्टिकल, सातला परत. जेवताना ताटावरच पेंगते. मॅडम म्हणाल्या होत्या रडायचं नाही, म्हणून मॅडमसमोर रडत नाही, घरी रडते. चाचणीत गणितात वर्गात पहिली.
यांच्या फोटोखाली तिची वही उघडी असते. हे सही सोडून काही लिहीत नसत. पण चारशे मेंढरांत एक कमी असलं तर नुसत्या नजरेनं सांगायचे. मोजत नसत. मी विचारायचे कसं कळतं. म्हणायचे, "भोक दिसतं."
मलाही रोज दिसतं.

११ ऑक्टोबर
लिहायला हात चालत नाही. आधी निकाल: आशी पहिली. विद्यापीठात पहिली. दहा किलोमीटर, पंचवीस फेऱ्या.
मी पहिल्यांदाच मैदानावर गेले. फेऱ्या चुकू नयेत म्हणून पंचवीस तुरीचे दाणे डाव्या मुठीत. फेरी झाली की एक उजव्या मुठीत. गायके सरांच्या कॉलेजातल्या दोन पोरी तिच्या पुढे होत्या. नवव्या फेरीला आशीला लाल कार्ड. चौदाव्याला दुसरं. शेख सर कुंपणाला धरून ओरडून राह्यले, "कोहनी अंदर, बेटी! जल्दी नको! जमीन धर!" तिनं चाल आखडली. मागे पडली. माझ्या डाव्या मुठीत अकरा दाणे, घामानं ओले.
मग ती एक एक करत पुढे सरकायला लागली. पळाली नाही कुठं. नुसती चालली. शेवटचे चार दाणे उरले तेव्हा पुढच्या पोरीला तिसरं कार्ड पडलं, ती बाहेर झाली. दुसरीला आशीनं दोन दाण्यांवर गाठलं. तेव्हा मला यांची पाठ दिसली, कळपाच्या पुढे चाललेली, आणि मी शहाण्या बायांमध्ये उभी राहून धनगरी हाळी घातली. पाटील मॅडमही घालायला लागल्या. त्यांना येत नाही.
गायके सर आले. आशीच्या पाठीवर थाप दिली. मला म्हणाले, "ताई, टॉवेल रोज वापरतो बरं का."
म्हटलं, "वापरा दादा. दिवाळीला या. आमरस न्हाई, पण करंज्या हायेत."
राग नाही राहिला. पहिली आल्यावर राग ठेवायला जागा कुठं.

२ डिसेंबर
आज दोन कागद एकदम आले. एक, देशातल्या सगळ्या विद्यापीठांच्या स्पर्धेसाठी आशीची निवड. दुसरा, पहिल्या सत्राच्या परीक्षेचं वेळापत्रक. आशीनं दोन्ही माझ्यापुढे ठेवले. "आई, वाच."
वाचले. दोन्हीत १८ तारीख आहे. स्पर्धा आणि गणिताचा पेपर.
"तू सांग, काय सोडू?"
"मी न वाचता सही केल्ती एकदा. आता विद्यापीठाला न विचारता एक सोडायला सांगू कशी?"
तिनं विद्यापीठाला अर्ज लिहिला, पेपर वेगळ्या दिवशी घ्यावा म्हणून. सहीच्या आधी मी वाचला, दोन चुका काढल्या. एक तिनं मानली, एकीवर भांडली. मॅडम स्वतः घेऊन गेल्या.

८ डिसेंबर
उत्तर नाही. बॅग भरून ठेवलीय, बूट खाली, गणिताचं पुस्तक वर. पारावरची माणसं आता मोबाइलचं घड्याळ लावून बसतात, ती पुलावरून आली की वेळ ओरडून सांगतात. त्यातला एकजण मुद्दाम दोन सेकंद कमी सांगतो, तिला बरं वाटावं म्हणून. तिला लगेच कळतं.
दुपारी मॅडमचा फोन, "ताई, उत्तर आज-उद्या येईल. आलं की फोटो पाठवते."
म्हटलं, "मोठा काढा मॅडम. तळाची ओळसुद्धा दिसली पाहिजे."